वाचलंय तुमचं!

(मंचावर एक खुर्ची, तिच्यावर शालींची चळत. आबा येतात. सत्तरी उलटलेली, सदऱ्याला कडक इस्त्री. वरची शाल झटकतात.)

ही जुहूची. पंचतारांकित हॉटेलात प्रकाशन होतं. पुस्तक माझंच हो! पण फीत सोडायला एक नटी. तिनं पुस्तक उलटं धरलं. मी हळूच सुलटं करायला गेलो, तर फोटोग्राफर ओरडला, "ओ काका, फ्रेममधनं बाजूला व्हा!"

मग पार्टी. (हात पुढे करून) "सर, तुमचं लेखन म्हणजे... वाऽऽ!" हात माझ्या हातात, नजर माझ्या खांद्यावरून दाराकडं. निर्माता आत आला की हात गायब! (हवेतच हात हलवत राहतात.) मला भेटून माणसं इतकी भारावायची, की पुस्तक वाचायची गरजच उरायची नाही.

शेवटी गाशा गुंडाळला, साताऱ्याला आलो. मोती चौकात कंदी पेढे घेत होतो. पेढेवाला तागडीत पेढे टाकत म्हणाला, "तुमीच न्हवं ते कादंबरीवाले? वाचलंय तुमचं." माझी छाती फुगली. "पर त्या म्हातारीला उगा मारली बघा." आणि तागडीतला एक पेढा काढून घेतला!

संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनाला गेलो. कवी सुधांशूंनी लावलेलं रोप ते. कृष्णाकाठ, दत्ताचं देऊळ. झुंबर नाही, बुफे नाही. एका आजीनं हातावर तिळगूळ ठेवला. म्हटलं, आता गोड बोलणार. म्हणाली, "माझ्याच वयाची हुती की रं ती. कशापायी मारलीस?"

सांगलीत तर बोलायचीच सोय नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून यांना नाटकी माणूस लांबूनच ओळखू येतो. भावे नाट्यमंदिरात मध्यंतराला भडंग खाताना शेजारचा म्हणाला, "म्हातारी मेली ते जाऊ द्या, पण दोन पानं बोलून मेली! धाप लागलेलं माणूस एवढं बोलतं होय?"

(खुर्चीवर बसतात.) बसलो मग. सगळा शेवट खोडला, नवा लिहिला.

(फोन वाजतो.) हां, प्रकाशकसाहेब! नवी आवृत्ती? काढा की. फक्त एक बदल केलाय, म्हातारी जिवंत ठेवलीय.

(ऐकतात. फोन कानापासून लांब धरून प्रेक्षकांकडे बघतात.)

विचारतोय, "कुठली म्हातारी?"

(अंधार.)