स्वावलंबनाची फळी

मिनेसोटाच्या तळ्यांत सर्फिंगजोग्या लाटा सहसा नसतात, हा निसर्गाचा निष्काळजीपणा. तो निस्तरायला तिथले सद्गृहस्थ लाखभर डॉलरची बोट घेतात आणि मागे मोठी लाट उठावी म्हणून टाक्यांत टनभर पाणी भरून तिचा मागचा भाग मुद्दाम बुडवतात. (तरंगती बोट काय, कोणीही चालवेल.) एवढ्या खर्चानंतर काटकसर सुचणारच, म्हणून पाण्यात उतरायची मागची फळी घरीच! इपॉक्सी, स्टेनलेसचे बोल्ट, गॅरेजात गेलेले दोन उन्हाळे. सुताराची मजुरी मात्र साफ वाचली. इंजिनाचा धूर बहुधा या फळीखालूनच बाहेर पडतो. चालत्या बोटीच्या फळीला लटकण्यावर कॅलिफोर्नियात २००५ पासून बंदी आहे, कारण धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. ती उणीव भरून काढायला आमच्या सद्गृहस्थांनी फळी खास सुवासिक सीडरची केली आहे.