पुढं पाटी, मागं चर्चा

ऐकलं का? पोरं बैलजोडी विकून म्हणे चारचाकी फटफटी घ्यायला निघालीत! तीच हो, अलिबागकडं नागावच्या किनाऱ्यावर पर्यटक चार चकरांचे पैसे मोजून जिच्यावर किंचाळत बसतात ती, एटीव्ही. तिला पुढं लोखंडी पाटी लावायची आणि धाराशिवकडच्या परंडा-भूमच्या शिवारात माती लोटायची. आई येडेश्वरी, बघतेस ना?

दोष सगळा मोबाइलवरच्या रिळांचा. तिकडं अमेरिकेत कुणी असल्या फटफटीनं दारातला बर्फ ढकलतो आणि इकडं वाशी तालुक्यातलं पोरगं ते बघून झोपेत हँडल वळवतं. अहो, बर्फ! धाराशिवात! फार तर 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात गारांचा मारा झाला होता. तेव्हा उभी पिकं आडवी झाली, पण पाटी लावून गारा लोटाव्यात असं कुणाच्या मनात आलं नाही.

आणखी खमंग पुढं आहे. पोलारिस कंपनीनं या फटफटीला आपल्या देशात चक्क ट्रॅक्टर म्हणून उतरवलं. नाव ‘स्पोर्ट्समन 570 ट्रॅक्टर’, तेव्हाची किंमत 7 लाख 99 हजार. हँडल मोटारसायकलचं, बसणं घोड्यावरचं आणि कागदोपत्री ट्रॅक्टर! तेवढ्या पैशात मोठा ट्रॅक्टर दारात उभा राहून वर रोटाव्हेटरपुरते पैसे उरतात, हे पोराच्या बापाला कुणी सांगायचं?

बरं, काम तरी किती करणार? अंगणातला मुरूम पसरेल, गोठ्यातलं शेण एका कोपऱ्याला नेईल, द्राक्षाच्या दोन ओळींतून ऐटीत जाईल. मुरमाड रानात ठीक. पण ओल्या काळ्या रानात घाला तिला! पाटीला चिखल चिकटतो, हलकं अंग जागेवर घसरतं आणि पट्ट्यावर चालणारा गिअर सततच्या ओढीनं तापतो. गुजरातेत अमरेलीच्या मनसुखभाई जगानींनी बुलेटला मागं दोन चाकं आणि कोळपं जोडलं, ते कोरडवाहू शेतकऱ्याची गरज ओळखून. त्यात ऐट नव्हती.

खरी साथ पसरलीय ती छोट्या ट्रॅक्टरची, आणि ती पसरवायला सरकारही पुढं. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना 9 ते 18 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर 90 टक्के अनुदानावर मिळतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झाला. आणि नशिबाची थट्टा बघा, त्याच दिवसांत परंडा-भूमकडं नद्या रानात शिरल्या, माती खरडून गेली. स्वस्ताई आली तेव्हा नांगरायला रानच नव्हतं. सरकारनं खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंत जाहीर केले. मग ट्रॅक्टरला पाटी लावलेल्याचा भाव वधारणार नाही का? गाळ सारायचा, खड्डे बुजवायचे, रान सपाट करायचं, सगळीकडं त्यालाच बोलावणं. इथं मात्र मी नाक मुरडणार नाही. खोऱ्यानं हे काम करायला गेलं तर पुढचा पावसाळा यायचा.

पण पाटीचा मोठा गुन्हा वेगळाच, आणि तो कुजबुजतच सांगायचा. पूर्वी बांध कोरायचा तर नांगराचा फाळ दरसाल दोन बोटं आत सरकवायचा, म्हणजे भाऊबंदकी पेटायलाही पिढी लागायची. आता पाटी टेकवली की सकाळच्या चहाच्या आत हातभर बांध गडप! विचारलं तर उत्तर तयार: “काका, पुरानं नेला हो.” पुराला बिचाऱ्याला कोर्टात उभं करता येत नाही.

तेव्हा मंडळी, फटफटी हवी असेल तर नागावला जाऊन चक्कर मारून या. काळ्या रानासाठी मिनी ट्रॅक्टरच घ्या, तोही एकट्यानं नको, भावाशी मिळून घ्या. आणि पाटी जोडण्याआधी भूमी अभिलेखात मोजणीचा अर्ज टाका.