काकांबरोबर वसईचा किल्ला: काही सूचना

वसईचा किल्ला एका दिवसात पाहून होतो. ग्रुपचे काका बरोबर असले, तर एका दिवसात फक्त वेढा पाहून होतो. सबब, जाणाऱ्यांनी खालील कलमे पाठ करावीत.

कलम १. ‘सहा म्हणजे सहा’ असा मेसेज टाकणारे काका दादरला सव्वासातला उगवतात आणि ‘विरार गाडी गेली का?’ असे इतरांनाच विचारतात. वसई रोडला उतरल्यावर ‘चालतच जाऊ, हे काय इथे!’ म्हणतात. ऐकू नये. बस पकडावी.

कलम २. पाणी घरूनच न्यावे.

कलम ३. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीतल्या समाधिशिला सर्वांत आधी पाहाव्यात. सकाळच्या तिरप्या उन्हातच झिजलेली पोर्तुगीज अक्षरे उठून दिसतात. हे काकांनीच दाखवलेले. इथे ते छत्री मिटतात, हाताने पाला सारतात आणि ‘नाव लागतंय का बघा’ एवढेच हळू आवाजात म्हणतात. शत्रूची थडगी, पण पाय कुठे ठेवायचा ते बघून ठेवतात.

कलम ४. मग वेढा. सुरुवात १५३४ पासून, गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली तिथून. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे किल्ला शरण येईपर्यंत २०५ वर्षे होतात. काका त्यांतले एकही गाळत नाहीत. बाकी बाजूंना समुद्र, खाडी, दलदल. मारा करायचा तो उत्तरेच्या जमिनीकडून. म्हणून सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग! या वाक्याला छत्री जमिनीत घुसते. मुलांना दोन हात लांब धरावे.

‘काका, १८०२ चा वसईचा तह?’ हा प्रश्न कुणीही विचारू नये. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांपुढे मान तुकवली, ती जणू काकांच्या सहीने. त्यानंतर ते वडापावही अर्धा टाकतात.

कलम ५. प्रीवेडिंगवाल्यांच्या फोटोत शिरू नये. काका शिरतात.

कलम ६. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याचा गोल जिना अरुंद आहे. चढण्याआधी हाक द्यावी. गुडघ्यांमुळे काका खालीच थांबतात आणि वरून काय दिसते ते खालून ओरडून सांगतात. बहुतेक बरोबर असते.

कलम ७. कोळीवाड्यात बोंबलांचा भाव काकांना करू द्यावा. ग्रुपमध्ये ते एकट्या त्यांनाच जमते.

परतीच्या गाडीत ते दादरपर्यंत झोपतात. उतरताना छत्री कुणीतरी आठवणीने घ्यावी. मागच्या खेपेला ती एकटीच चर्चगेटला गेली होती.