बलस्थानकर

आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कचेरीचं छत गळतं. पहिल्या पावसात बादली ठेवायची आणि दुसऱ्या पावसात ती कोणी हलवली यावरून भांडायचं, हा आमचा शिरस्ता. नवे विकास अधिकारी जूनमध्येच रुजू झाले. त्यांनी बादलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मान वर करून म्हणाले, "गळत कुठे नाही, ते सांगा."

हे कोणालाच सांगता येईना. वीस वर्षं आम्ही फक्त गळतं कुठे तेच बघत आलो होतो. शेवटी त्यांनीच खडूने फरशीवर कोरड्या जागेची हद्द आखली आणि टेबलं तिच्यात सरकवली. छत अजून गळतं, पण कोणाच्या डोक्यावर नाही. त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं बलस्थानकर. खरं आडनाव आता फक्त पगारपत्रकावर उरलंय.

खिशात चार रंगांचे स्केचपेन, पिशवीत पिवळ्या-गुलाबी चिकटचिठ्ठ्या, आणि चेहरा असा की समोरच्याला नुकतीच लॉटरी लागल्याची बातमी फक्त यांनाच कळलीय. 'पण' या शब्दावर त्यांची बंदी. 'पण'च्या जागी 'आणि' म्हणायचं. मी सांगायला गेलो, "साहेब, कर्ज दिलं पण बुडालं." त्यांनी दुरुस्त करून घेतलं, "कर्ज दिलं आणि बुडालं." वाक्य सुधारलं. कर्ज तसंच राहिलं.

घरीही हाच प्रकार. आमटीत मीठ नसेल तर फोडणीचं कौतुक. वहिनी एकदा म्हणाल्या, "एकोणीस वर्षांत ह्यांनी एक भांडण होऊ दिलं नाही. रुसून माहेरी जायचं तर कारण काय सांगू?" चारचौघांत हा माणूस खपून जातो तो फक्त कोणाच्या दहाव्याला. तिथे सगळेच बलस्थानकर झालेले असतात.

हे वेड त्यांनी लोणावळ्याच्या तीन दिवसांच्या शिबिरातून आणलं. चहा सांगितला की क्लीव्हलँडची गोष्ट सुरू. १९८० साली डेव्हिड कूपररायडर नावाचा पोरगेला संशोधक तिथल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अभ्यासाला गेला. जायचं होतं काय बिघडलंय ते शोधायला, पण त्याचं लक्ष वेधलं ते जे उत्तम चाललं होतं त्याने. त्याचे मार्गदर्शक सुरेश श्रीवास्तव म्हणाले, मग तेच शोध. पुढे १९८७ साली दोघांचा निबंध आला आणि या पद्धतीचा जगभर बोलबाला झाला. आधी शोध, मग स्वप्न, मग आराखडा, मग अंमल. "गुरू आपला माणूस होता बरं का!" हे वाक्य बलस्थानकर कप खाली ठेवून म्हणतात.

आम्ही हसायचो, आणि त्याला कारण होतं. सहकारी संस्था दोषांवर जगते. ऑडिटर त्रुटी काढतो, आम्ही दोषदुरुस्ती अहवाल पाठवतो, पुढच्या वर्षी तीच त्रुटी त्याच शब्दांत परत येते. जुन्या पाहुण्यासारखी तिची सवय झालेली असते. मी वसुलीला. थकबाकीदार का थकला याची एकशे चाळीस कारणं मला तोंडपाठ आहेत. कलम १०१ चा वसुली दाखला तर मी झोपेत लिहीन.

एके दिवशी माझ्यासमोर खुर्ची ओढून त्यांनी व्हिएतनाम काढलं. १९९० च्या शेवटी जेरी स्टर्निन आणि त्यांची बायको मोनिक कुपोषणाच्या कामासाठी तिथे गेले. सरकारने मुदत दिली सहा महिन्यांची. त्यांनी गावकऱ्यांनाच विचारलं, इतक्याच गरीब घरांत धडधाकट पोरं कोणाची आहेत? तशी घरं निघाली. त्या आया भातखाचरातले बारीक झिंगे, खेकडे नि रताळ्याचा पाला पोरांच्या जेवणात घालत होत्या, आणि दिवसातून जास्त वेळा भरवत होत्या. बाकीच्यांच्या मते ते काही पोरांचं खाणं नव्हतं.

"तर मग," बलस्थानकर पुढे झुकले, "आपल्याकडचे खेकडे कुठे आहेत?"

मी संचालक मंडळाच्या खोलीकडे बोट दाखवलं.

ते हसले नाहीत. थकबाकीची यादी बाजूला सारून वेळेवर फेडणाऱ्यांची यादी मागितली. अशी यादी आमच्याकडे नव्हती, कधी कोणी मागितलीच नव्हती. दोन दिवस बसून काढली. मंडईतली एक अख्खी ओळ निघाली, भाजीवाल्या बायकांची. एक हप्ता चुकलेला नाही. शेजारच्या ओळीत तेवढीच कमाई आणि निम्मे थकीत. फरक एवढाच की पहिल्या ओळीत आमची पिग्मीवाली बाई अकराला जायची, गल्ल्यात पैसे असताना. दुसरीकडे आमचा माणूस चारला जायचा. तोवर पैसे व्यापाऱ्याच्या खिशात. वेळ बदलली, थकबाकी उतरली. वार्षिक अहवालात हे 'वसुली विभागाच्या अथक प्रयत्नांमुळे' झालंय. ते वाक्य माझं.

पण त्यांना तक्रार ऐकूच येत नाही, हेही तितकंच खरं. इन्व्हर्टरची बॅटरी फुगलीय असं कॅशियरने तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी विचारलं, "बॅटरीने उत्तम साथ दिली तो दिवस आठवतो का?" चौथ्या दिवशी ऐन गर्दीत अंधार झाला. जर्वेस बुश नावाच्या, याच पद्धतीच्या अभ्यासकाने २००७ साली स्पष्ट लिहिलंय की हा मामला निव्वळ गोडगोड बोलण्याचा नाही, त्यातून नवी कल्पना निघायला हवी. लोणावळ्याला बहुधा ते पान वगळलं असावं.

मग दिवाळीनंतर त्यांनी जोडीजोडीने मुलाखती घ्यायला लावल्या. प्रश्न एकच : नोकरीतला सगळ्यात अभिमानाचा दिवस कोणता? माझ्या वाट्याला शिपाईमामा आले. मी प्रश्न वाचला. मामा बराच वेळ टोपी चाचपत बसले.

"तसं काय न्हाई ओ साहेब. ते म्हापुराचं."

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आम्ही सगळे आपापल्या घरचं सामान माळ्यावर टाकत होतो. मामांनी रात्रभर एकट्याने सोनेतारणाची पाकिटं आणि लेजरं वरच्या मजल्यावर नेली आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच बसून राहिले. बरोबर चुरमुऱ्याची एक पिशवी. "दोनशेबारा पाकिटं हुती. मोजून न्हेली, मोजून खाली आणली."

"मामा, इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"कुणी इचारलंच न्हाई की."

मी चिठ्ठीवर लिहिलं, पिवळ्या. बलस्थानकरांनी ती भिंतीवर सगळ्यात वर लावली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. मी जागेवर येऊन मामांची सेवा फाइल काढली. ऑगस्ट २०१९ चा एक कागद आहे : पाच दिवस मस्टरवर सही नाही, खुलासा द्यावा. खाली सही माझी.

मेमो अजून फाइलीत आहे. मामांनी रीतसर अर्ज दिला तर मागे घेऊ, असं मी त्यांना सांगितलंय.