लेन्स कशी आहे?

नवा घ्यावा की वापरलेला, हा प्रश्न लोकांना गाडीच्या वेळी पडतो, फ्लॅटच्या वेळी पडतो आणि सहा महिन्यांत काहीतरी एक होऊन सुटतो. भारी डिस्क प्लेअरच्या बाबतीत तो ज्यांना पडतो, त्यांचा तो पेशाच होऊन बसतो. जमात संख्येने थोडी, पण चिवट. वय साठीच्या अल्याड-पल्याड, नोकरी बँकेत नाहीतर कारखान्याच्या डिझाइन खात्यात झालेली, मुलगी बंगळुरूला, फंडाचे पैसे मुदत ठेवीत आणि कान अजून शाबूत असल्याची स्वतःचीच खात्री. आपण त्यांना नाना म्हणू. प्रत्येक शहरात एखादे असतात. पुण्यात अर्थातच जास्त.

नानांच्या दिवाणखान्यात प्लेअरची जागा तयार आहे. ओट्याच्या कामातून उरलेला काळ्या ग्रॅनाइटचा तुकडा, त्याखाली रबराचे चार पाय, मागे खास त्याच्यासाठी ओढून घेतलेला वेगळा प्लग. स्पीकर भिंतीपासून किती इंचांवर हवेत ते फरशीवर पेन्सिलने आखलेलं. फरशी पुसायला येणाऱ्या मावशींना त्या रेघेला हात लावायची सक्त मनाई. ग्रॅनाइटवर मात्र काही नाही. काकू तिथे वाणसामानाची यादी ठेवतात. नाना ती उचलून टेबलावर ठेवतात. संध्याकाळी यादी पुन्हा ग्रॅनाइटवर.

"नाना, नवा घेऊन टाका ना," असं म्हटलंत की ते चष्मा काढतात. "अरे, नवा म्हणजे निम्मे पैसे खोक्याचे. दुकानाचा उंबरा ओलांडला की किंमत खाली. शिवाय ड्यूटी, डीलरचं कमिशन, सगळं आपल्याच बोकांडी." बरं, मग वापरलेला बघा. नाना चष्मा पुन्हा घालतात. "म्हणजे दुसऱ्याच्या घरची कटकट पैसे मोजून आपल्या घरात आणायची?" यात दुटप्पीपणा काही नाही. दोन्ही मतं ते मनापासून मानतात. तुम्ही कोणतं घेऊन आलात यावर त्यांच्या वाट्याला कोणतं येतं ते ठरतं.

त्यात आणखी एक पाचर आहे. नवं यंत्र दोनशे तास वाजल्याशिवाय त्याचा आवाज मोकळा होत नाही, अशी नानांची श्रद्धा. (या दोनशे तासांत यंत्र सुधारत नसून कान सरावतो, असं माझं मत आहे. ते मी नानांसमोर काढत नाही.) म्हणजे थोडा वाजलेला प्लेअर बरा. पण वाजला म्हणजे लेन्स झिजली. तेव्हा नानांना हवा तो प्लेअर असा: कोणीतरी नवा घेतलेला, बरोब्बर दोनशे तास वाजवलेला आणि दोनशेएकाव्या तासाला ज्याची परदेशी बदली झाली अशा सद्गृहस्थाचा. त्या गृहस्थाने पावती जपून ठेवलेली असावी आणि किंमत सांगताना त्याचा गळा दाटून यावा.

लेन्सची भीती मात्र खरी आहे, तिथे नानांना हसण्यात अर्थ नाही. जुना ॲम्प्लिफायर कपॅसिटर बदलले की पुन्हा उभा राहतो. जुन्या रेकॉर्ड प्लेअरला नवी सुई बसते. डिस्क प्लेअरचं सगळं वैभव लेसरच्या एका चिमुकल्या डोळ्यावर उभं असतं. तो वापराने मंदावतो, आणि मॉडेल बंद झालं की काही वर्षांत त्याचा सुटा भागही मिळेनासा होतो. मग उरतं ते एक देखणं, जड खोकं आणि त्यावर 'नो डिस्क' ही अक्षरं. एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, वाजवणाऱ्या यंत्रांत तर सीडीसाठी वेगळा लेसर आणि एसएसीडीसाठी वेगळा. एक शाबूत आणि दुसरा गेलेला असं यंत्र विकणारा फक्त साधी सीडीच लावून दाखवतो. ट्रेचा रबरी पट्टा सैल पडणं, ग्रीस आटून घट्ट होणं, ही किरकोळ दुखणी. तपकीर गल्लीतला कारागीर दुपारच्या आत करून देतो. लेन्सचं नाव काढलं की तोही आभाळाकडे बघतो.

म्हणून नाना प्लेअर बघायला जातात ते शबनम भरून. बॅटरी, भिंग, मऊ फडकं आणि तीन डिस्का. एकदा सहकारनगरात ते मलाही घेऊन गेले. विकणारे गृहस्थही निवृत्त, तेही इंजिनीअर. प्लेअर जपानी, चौदा-पंधरा वर्षांचा, सोनेरी तोंडाचा, खोकं-थर्मोकोलसकट. नानांनी आधी त्याच्या वरच्या जाळीला नाक लावलं.

"प्लेअर देवघराशेजारी होता का हो?"

"नाही नाही. देवघर आतल्या खोलीत."

"पण उदबत्ती?"

"सकाळ-संध्याकाळ."

नाना माझ्याकडे बघून "हं" म्हणाले. धुराचा थर लेन्सवर बसतो, हे खरंच. पण नानांनी पुढे "चंदनाची की मसाल्याची?" असंही विचारलं, तेव्हा यजमानांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली.

पहिली डिस्क चरे पडलेली, मुद्दाम तशी जपलेली. कुठल्याशा मुंजीत वाटलेली स्तोत्रांची सीडी. ती न अडखळता वाजली. दुसरी सत्तर मिनिटांवरची, आणि तिचं शेवटचं गाणं. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीला मिनिटाला पाचशेच्या आसपास फिरणारी डिस्क कडेला पोचेपर्यंत दोनशेवर येते. यंत्र थकलेलं असेल तर ते या कडेशी उघडं पडतं. नाना डोळे मिटून ऐकत होते, आणि ऐकत होते ते गाणं नव्हे, आतली घरघर. तिसरी पिंक फ्लॉइडची 'डार्क साइड ऑफ द मून', २००३ सालची एसएसीडी. नानांना पिंक फ्लॉइड कणभर आवडत नाही. त्यात एके ठिकाणी ढीगभर घड्याळांचे गजर एकदम होतात, तेवढ्यासाठी ती घेतलेली. गजर झाले. आतून यजमानीणबाई कुकर बंद करायला धावल्या, समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला. नाना समाधानाने म्हणाले, "दुसरा लेसरपण जिवंत आहे."

मग पोहे आले आणि बाजू पालटली. यजमानांनी विचारलं, "तुमच्याकडे स्पीकर कोणते?" नानांनी सांगितले. यजमान क्षणभर गप्प. "त्यांवर हा वाजवणार?" खोली केवढी, पडदे जाड की पातळ, व्होल्टेज किती येतं, अशी उलटतपासणी झाली. मुलगी द्यायची तर घराणं बघूनच, असा त्यांचा एकंदर पवित्रा. शेवटी कोणी कोणाला विकायचं हे दोघंही विसरले आणि मल्लिकार्जुन मन्सूर लावून बसले. दोन वेळा चहा झाला. निघताना यजमान दारात हळूच म्हणाले, "खरं सांगू का, विकायचा असा काही नाही. हिला ते कपाट रिकामं करून हवंय."

जिन्यात नाना खुशीत होते. "माणूस चांगला. यंत्रही चांगलं."

"मग किंमत का नाही केली?"

"एवढं चांगलं यंत्र विकायला काढलंय म्हणजे काहीतरी असणार."

मुंबईचं यंत्र नाना बघतही नाहीत. खारी हवा, आतले सांधे हिरवे पडतात. कोकणचं तर नाव नको. नागपूरच्या यंत्राने उन्हाळे सोसलेले. हवा मानवते ती पुण्याचीच, पण पुण्याचा माणूस किंमत कमी करत नाही.

न्यू जर्सीच्या पुतण्याने एकदा आपणहून सुचवलं, की इकडे सोनीचा एससीडी-१ आलाय विकायला, सुट्टीत घेऊन येऊ का? १९९९ साली एसएसीडीबरोबर आलेला तो पहिल्या मानाचा प्लेअर. नानांनी त्याचा फोटो पाकिटात ठेवायचाच बाकी होता. त्यांनी रात्रभर विचार केला. यंत्राचं वजन सव्वीस किलोच्या वर, विमानात एका बॅगेला मुभा तेवीस किलोंची. वीज तिकडे १२० व्होल्ट, इकडे २३०, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आला. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. सकाळी पुतण्याला निरोप गेला, "येताना बदाम आण."

कधी काळी निर्णय जवळजवळ झाला होता, हे नानांच्या खात्यावर जमा धरायला हवं. ओप्पो कंपनीचा यूडीपी-२०५ नावाचा, हाती येईल ती डिस्क वाजवणारा प्लेअर २०१७ साली आला. अमेरिकेत किंमत १,२९९ डॉलर, म्हणजे नानांच्या अंदाजपत्रकात आरामात बसणारी. नाना म्हणाले, "नवीन मॉडेल आहे, वर्षभरात उतरेल." एप्रिल २०१८मध्ये कंपनीने प्लेअर बनवणंच थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि लोक वापरलेल्या यंत्राला नव्याहून जास्त पैसे मागू लागले. नानांनी यातून धडा घेतला, की थांबणाऱ्याचं बरोबरच असतं. "बघ, तेव्हा घेतला असता तर आज बंद कंपनीचा प्लेअर घरात असता!"

हे सगळं भित्रेपणातून येतं असं पूर्वी मला वाटायचं. पण नानांची शनिवारची बैठक पाहिली आणि मत बदललं. चार-पाच समदुःखी जमतात. कोणी नवा घेतलेला असेल तर बाकीचे विचारतात, "केवढ्याला पडला?" आकडा ऐकून सगळे सुस्कारतात, "निम्म्यात मिळाला असता रे." कोणी वापरलेला घेतला असेल तर आवाज खाली जातो, जणू घरात कोणी आजारी आहे, आणि प्रश्न येतो, "लेन्स कशी आहे?" या प्रश्नाला उत्तर नाही. 'चांगली आहे' म्हटलं तर "अजून" हा शब्द कोणीतरी जोडतोच. बैठकीत विचारणारे दोन-तीन असतात, आणि उत्तर देणारा तो, ज्याने विकत घेतलं. नानांनी काहीच घेतलेलं नाही, म्हणून त्यांचा शब्द अखेरचा. प्लेअर घरी आला त्या दिवशी हे पद गेलं. फिलिप्सच्या जुन्या टीडीए-१५४१ए चिपवर मुकुटाची खूण खरी की मागाहून छापलेली, हे भिंगाने बघून सांगायला लोक नानांना झाकण उघडलेले प्लेअर आणून दाखवतात. स्वतःचा प्लेअर असलेल्या माणसाला एवढा मान कोण देतो?

जावई म्हणतो, "बाबा, हे सगळं फोनवर आहे." त्यावर नानांचं उत्तर मात्र खणखणीत असतं. फोनवर आज असलेलं रेकॉर्डिंग उद्या असेलच असं नाही. तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, ते धड लिहिलेलं नसतं. आणि रागाचं नाव चुकलं तर तक्रार कोणाकडे करायची? काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ला बंद झालं तेव्हा नाना मुद्दाम मुंबईला जाऊन पिशवीभर सीडी घेऊन आले होते. डिस्क हातात असावी, तिच्या पुस्तिकेवरचा बारीक टाइप भिंगाने वाचावा, या हट्टात मी पूर्ण त्यांच्या बाजूचा आहे. फक्त त्या संग्रहातला लाडका कोपरा बालगंधर्वांचा, ७८च्या तबकड्यांवरून घेतलेला. मूळ तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं आणि वर अखंड खरखर. ती खरखर तीन लाखांच्या यंत्रावर किती सुस्पष्ट येईल, या कल्पनेनेच नाना मोहरतात.

सध्या ती ऐकू येते स्वयंपाकघरातून. काकूंनी दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतलेला डीव्हीडी प्लेअर फ्रिजवर आहे. वजन दीड किलो, पुढे कराओकेच्या माइकचं भोक. कणकेच्या हाताने काकू डिस्क घालतात, तो कुरकुर न करता वाजवतो. नानांच्या चरे पडलेल्या परीक्षेच्या सीडीसकट. नाना बाहेरून ओरडतात, "अगं, त्याने डिस्का खराब होतील!" काकू आवाज थोडा वाढवतात.

गेल्या महिन्यात मात्र नानांनी खरेदी केली. मला फोन करून बोलावलं, दार स्वतः उघडलं. ग्रॅनाइटवर वाणसामानाची यादी नव्हती. तिथे काडेपेटीहून थोडी मोठी डबी होती. डबीत चंदेरी पिशवी, पिशवीत लेन्सचा सुटा भाग, सहकारनगरातल्या त्याच सोनेरी प्लेअरला लागणारा. "हा बघ शिशाचा ठिपका," नानांनी भिंग माझ्या हातात दिलं. "स्थिर विजेने लेसर मरू नये म्हणून कारखान्यातच लावतात. बसवल्यावर काढायचा. शिकाऊ लोक विसरतात आणि मग म्हणतात, नवी लेन्सपण खराब निघाली. नकली मालाने बाजार भरलाय. ही अस्सल आहे."

"म्हणजे तो प्लेअर घेताय?"

"छे! त्याची लेन्स उत्तम आहे. ही घालू कुठे मग?" नानांनी डबी मिटली. "नवा आणि वापरलेला यातच आपण अडकलो होतो बघ. तिसरा प्रकार कोणी लक्षातच घेत नाही. तुझ्या ओळखीत कोणाचा बंद पडलेला आहे का?"