किहीममध्ये वाळवंट कसं वसवावं: नवशिक्यांसाठी

शहराला कंटाळून वाळवंटात राहायला निघालेल्यांसाठी जगभर मार्गदर्शिका निघतात. पाणी किती साठवायचं, चपलेतला विंचू कसा झटकायचा, दवाखाना किती लांब असला तर चालतो, सगळं त्यात असतं. मराठी माणसाची इथेही उपेक्षाच झाली आहे. आपल्या वाट्याला एकच वाळवंट आलं, ते पंढरपूरचं, आणि तिथे प्लॉट पाडता येत नाहीत.

पण निराश होऊ नका. गेटवेवरून बोटीने मांडव्याला उतरा, रेवस-अलिबाग रस्त्याने चोंढीला या आणि उजवीकडे वळा. किहीम. इथे वाळू आयती आहे. अडचण एकच: पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, म्हणजे जैसलमेरच्या साधारण दसपट. एवढ्या पाण्यात वाळवंट उभं करणं नवख्याला अशक्य वाटेल. पण तुमच्याआधी गेलेल्यांनी पुष्कळ वाट मोकळी करून ठेवली आहे. खालच्या पायऱ्या नेटाने गिरवा, मे महिन्यात तुमच्या दहा गुंठ्यांतही थेंब शिल्लक राहणार नाही.

१. आधी शेतकरी व्हा. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. हा कायदा १९४८ चा आहे, त्यामुळे पळवाटा चांगल्या मळलेल्या आहेत. तुमच्या आजोबांच्या ज्या जमिनीवरून काकांशी तीस वर्षं अबोला आहे, तिचाच सातबारा आता लागणार. फोन करा. सुरुवात "काका, गुडघे कसे आहेत?" अशी करावी. सातबारा हातात पडेपर्यंत वाटणीचा विषय काढू नये. तेही जमत नसेल तर बिगरशेती झालेला प्लॉट घ्या. तो महाग पडतो, पण काकांपेक्षा स्वस्त.

समुद्राला खेटून जागा हवी असेल तर भरतीरेषेचे नियम आडवे येतात. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची, पुढच्या २०११ आणि २०१९ च्या. त्या वाचत बसू नका. नकाशावर 'माळ्याची खोली' असं लिहा आणि माळ्याला चार बेडरूम लागतात असं समजा.

२. विहीर गाठा. हा या मार्गदर्शिकेचा गाभा आहे, म्हणून इथे घाई नको. किनाऱ्यालगतच्या जुन्या वाड्यांमधून विहिरी दिसतील, उथळ, कठडा झिजलेला, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही पाणी गोडं. यात चमत्कार काही नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतं. भूजलशास्त्राचा ठोकताळा असा, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. हाच हिशेब उलटाही चालतो. वरून पातळी एक मीटर उतरवली की खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस मीटर वर सरकायला बघतं.

एका मीटरच्या मेहनतीत चाळीस मीटर! इतका परतावा म्युच्युअल फंडवालेही कबूल करत नाहीत. तेव्हा रहाट, पोहरा, पाळीपाळीने वाडीला सोडायचे पाट, हा सगळा वेळकाढूपणा बंद करा. खोल बोअर मारा, त्यात मोठ्या हॉर्सपॉवरचा सबमर्सिबल पंप सोडा आणि तो टायमरवर टाकून मुंबईला निघून जा. पुढचं काम समुद्र करेल. थोड्या दिवसांनी केअरटेकरचा फोन येईल, "शेठ, विहीर मचूळ झाली." अभिनंदन. शेजारच्याचीही झाली का, ते विचारून घ्या. बहुतेक झालेली असते, कारण जमिनीखाली तुमच्या कंपाउंडची भिंत गेलेली नसते.

३. लॉन लावा. वाळवंटात हिरवळ हवीच. मे महिन्यात एक गुंठा लॉनला रोज साधारण पाचशे लिटर पाणी लागतं. दहा गुंठ्यांपैकी पाच गुंठे लॉन धरा, अडीच हजार लिटर झाले. स्विमिंग पूल दहा मीटर बाय पाच, दीड मीटर खोल असा बेताचाच ठेवा. त्याला पंचाहत्तर हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या साडेसात फेऱ्या. अर्धा टँकर कुणी आणत नाही, तेव्हा आठ मागवा आणि उरलेल्यात गाडी धुवा. समुद्र चालत पाच मिनिटांवर असताना पूल कशाला, असं पाहुणे विचारतील. समुद्रात वाळू असते, असं सांगा.

टँकर येईल तेव्हा एकदा स्वतः हजर राहा, शिकण्यासारखं असतं. दुपारचे दोन. टँकर फाटकाशी लागलेला, जाड नळी भिंतीवरून आत टाकलेली. नळीच्या सांध्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली असते, तिच्यातून धार गळते. केअरटेकरची बायको त्या धारेखाली आधी बादली सरकवते, मग हंडा, मग पातेलं, शेवटी दुधाची किटली. तिच्या घरचं दिवसाचं पाणी तेवढ्यात भरून होतं. ट्यूब बदलायला सांगायचा मोह होईल. तो आवरा, नाहीतर चहा मिळणार नाही.

४. पावसाची विल्हेवाट लावा. इथे बरेच नवशिके कमी पडतात. दोन हजार चौरस फुटांच्या छपरावर एका पावसाळ्यात साडेतीन लाख लिटरच्या वर पाणी पडतं. ते टाकीत किंवा जमिनीत गेलं तर तुमचं वाळवंट बुडालंच म्हणून समजा! सगळे पन्हळ एका पाइपात आणून तो रस्त्यावर सोडा. अंगणात पेव्हर ब्लॉक घाला, सांधे सिमेंटने भरा. प्लॉटमधून जुना ओहोळ जात असेल तर त्यावर गॅरेज बांधा. जुलैत खालच्या आळीतल्या घरांत पाणी शिरलं की हवामानबदलाविषयी दोन वाक्यं काळजीच्या सुरात बोलावीत. त्याला कुणी हरकत घेत नाही.

सुरूची आणि नारळाची झाडं दृश्य अडवत असतील तर तोडायची घाई करू नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि एका दिवसात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. कित्येक दिवस वीज नव्हती. ज्यांच्या वाड्या गेल्या ते अजून नव्या माडांना फळ कधी धरतं याची वाट बघतात. तुमच्यासाठी मात्र नर्सरीवाला क्रेनने मोठा शोभेचा पाम आणून लावेल. त्याला नारळ येत नाहीत, म्हणजे डोक्यात पडायची भीती नाही.

५. घर बांधा, अर्धंच. या बाबतीत किहीमला जगन्मान्य जाणकार लाभले आहेत. १९३० मध्ये हातात नोकरी नसलेले सालिम अली किहीमला येऊन राहिले आणि सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर पहारा देत बसले. त्यांना दिसलं ते असं: नर अर्धवट घरटं विणतो आणि थांबतो. माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडलं तरच तो ते पुरं करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा जवळच दुसरं अर्धवट घरटं विणायला घेतो. आपल्याकडच्या बिल्डरांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली आहे, पैसे तेवढे ते अर्ध्यावर घेतात. सुगरणीला विणायला लांब पात्याचं गवत, भाताची पात, माडाच्या झावळ्या लागतात. तुमच्या लॉनची उंची दीड इंच. त्यामुळे गच्चीवर पक्ष्यांच्या घाणीचा प्रश्नही सुटला.

खारा वारा लोखंड खातो, हे कुणी आधी सांगत नाही. फाटक, ग्रिल, एसीचं बाहेरचं यंत्र, सगळं दोनतीन पावसाळ्यांत भुगा. उपाय अलिबागमध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ उभा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेला तो उपद्रव सोसणार नव्हता, म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला हलवली. चुंबकाला धक्का नको म्हणून इमारतीत लोखंड वापरलंच नाही. मुंबईच्या कटकटीला कंटाळून इकडे आलेल्यांतली ही सगळ्यात समंजस रहिवासी. शनिवार-रविवारची येत नाही, आली ती राहिलीच. तिचं अनुकरण फार खर्चिक. तुम्ही दर वर्षी रंग काढा.

६. गावाशी जेवढ्यास तेवढं. इथे एक जुनं उदाहरण आहे, ते टाळायचं म्हणूनच देतो. बेने इस्रायल ज्यूंची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं जहाज इथेच शेजारी नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. आलेल्यांपाशी काहीच उरलं नव्हतं. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं, ते घरात मराठी बोलू लागले आणि गावांची नावं आडनावं म्हणून लावू लागले. त्यांचा इतिहास लिहिणारे हाइम सॅम्युएल, त्यांचं आडनाव केहिमकर. म्हणजे किहीमकर व्हायला इतकं करावं लागतं. तुमच्याकडे कुठला एवढा वेळ? फाटकावर 'सी ब्रीझ' अशी पितळी पाटी लावा, भागतं.

थंडीत शेजारच्या शेतात पोपटी लावतील. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. बोलावलं तर जाऊ नका. धुराची तक्रार ग्रामपंचायतीत करा आणि पुढच्या महिन्यात 'ऑथेंटिक पोपटी नाइट' माणशी दर लावून स्वतःच्या लॉनवर ठेवा.

'अलिबागसे आया है क्या' हे म्हणायला बंदी करावी अशी याचिका २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. कायद्याने मोकळीक आहे. तरी शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीच्या रांगेत ते कुणाला म्हणू नका. तिथले सगळे अलिबागलाच चाललेले असतात, आणि रांग लांब असते.

७. आजारपण. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. फुरसं किंवा विंचू चावला तर मुंबईच्या डॉक्टर मित्राला फोटो पाठवत बसू नका, आधी तिथे जा. ही एवढी सूचना गंमत म्हणून नाही.

८. विका. बोअर खारी, लॉन पिवळं, फाटक गंजलेलं आणि पूल हिरवा, अशी अवस्था आली की तुमचं काम फत्ते झालं. आता दक्षिणेकडे सरका. श्रीवर्धनकडे अजून गोड्या विहिरी आहेत. जाहिरातीत 'वाडी', 'विहीर' आणि 'तिसरी मुंबई' हे शब्द घाला. अटल सेतू २०२४ मध्ये सुरू झाला त्याचा उल्लेख करा, करंजा-रेवस पुलाचाही करा, मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून लोक करत आले आहेत.

गिऱ्हाईक श्रावणात आणा. तेव्हा गेटवेच्या बोटी बंद असतात, म्हणून त्याला रो-रोने गाडीसकट आणावं. विहीर काठोकाठ असेल. ओंजळ भरून चव बघायची म्हणाला तर बघू द्या, पावसाळ्यात वरचा थर गोडाच लागतो. मे महिन्याचं विचारलंच, तर आंब्यांचं सांगा.