डोकं आत, पाय बाहेर

"पाय फेंगडे टाकू नकोस," असं आई लहानपणी दिवसातून दोनदा सांगायची. मी ऐकलं नाही आणि माझ्या चपला आजही एकाच कडेने झिजतात. पन्नाशी उलटल्यावर दोनशे तीस अश्वशक्तीची गाडी घेतली, सेकंडहँड. चारच महिन्यांत तिचे पुढचे टायरही एकाच कडेने झिजले. गाडी मालकावर जाते हे तेव्हा कळलं.

एवढी ताकद कशाला, याचं उत्तर घरी "सुरक्षिततेसाठी" असं दिलं होतं. खरं कारण वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट. पहिल्याच मोठ्या वळणावर मी ऐटीत स्टिअरिंग फिरवलं. गाडीने माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि नाक सरळच ठेवलं. बायकोने दारावरची मूठ घट्ट धरली आणि अगदी शांतपणे विचारलं, "अहो, वळायचं होतं ना?"

याला जाणकार 'अंडरस्टीअर' म्हणतात. माझ्या गाडीत पुढचीच चाकं ओढतात आणि पुढचीच वळतात. एका हातात दळणाचा डबा, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी, आणि दाराची किल्ली खिशात, अशी त्यांची अवस्था. टायरला पकड मोजकीच असते. ओढण्यात ती संपली की वळायला उरत नाही.

मग पंधरा दिवस मी कॅम्बर, कॅस्टर आणि टो यांचा अभ्यास केला आणि आमच्या अलाइनमेंटवाल्या मामांकडे जाऊन फर्मावलं, "पुढे अडीच डिग्री निगेटिव्ह कॅम्बर करा."

मामांनी काही न बोलता खिशातून हवेचं गेज काढलं. "साहेब, डावीकडे बत्तीस, उजवीकडे सव्वीस. आधी हवा भरू, मग तुमची डिग्री बघू."

पंधरा दिवसांच्या अभ्यासात हवा आलीच नव्हती.

हवा झाल्यावर मामांनी गाडी उचलली, चाकं धरून हलवली, टाय रॉड आणि बुश तपासले. "यांत खेळ असला तर वर काढलेले आकडे खाली उतरेपर्यंत टिकत नाहीत," ते म्हणाले. मग चारी चाकांना पंजे लागले आणि पडद्यावर आकडे आले. बहुतेक लाल. शाळेतल्या प्रगतिपुस्तकानंतर माझ्याशी संबंधित इतकं लाल मी पाहिलं नव्हतं.

टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांचे अंगठे आत आहेत की बाहेर. माझे बाहेर होते, म्हणजे फेंगडे. अशी गाडी वळणात चटकन शिरते, पण सरळ रस्त्यावर टायर आतून खरवडत चालते. कॅस्टर समजायला पुण्यात वाढलेला माणूस पुरे: हात सोडून चालवताना सायकल सरळ जाते, त्यात पुढच्या फोर्कच्या तिरकेपणाचा मोठा वाटा असतो; गाडीत तोच तिरकेपणा म्हणजे कॅस्टर. आणि निगेटिव्ह कॅम्बर म्हणजे कबड्डीचा पवित्रा: डोकी आत, पाय बाहेर. वळणात गाडी कलते तेव्हा बाहेरच्या बाजूचं चाकही बाहेर कलतं. आधीच आत झुकवून ठेवलेलं असेल तर ऐन वेळी ते रस्त्यावर सपाट बसतं. म्हणून पकड वाढते.

"मग अडीच कराच," मी म्हणालो.

"रोज कुठं जाता?"

"स्वारगेट ते हडपसर."

"त्यात वळणं किती?"

मी सिग्नल मोजू लागलो. मामा म्हणाले, "सरळ रस्त्यावर आतली कडच भार घेणार. घाट महिन्यातून एकदा, आणि टायर खाणार रोज."

तह सव्वा डिग्रीवर झाला. आधी मागची चाकं, मग पुढची. माझ्या गाडीत पुढचा कॅम्बर कंपनीने जवळजवळ बांधूनच दिलेला. त्यामुळे मामांनी स्ट्रटला एक्सेंट्रिक बोल्ट घातले. टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो आपोआप हलतो. लॉक नट सैल करून मामा टाय रॉड पाव आटा फिरवत आणि पडद्यावरचा आकडा डोसा उलटावा तसा लालचा हिरवा होई. टो शून्यावर आणला. फेंगडेपणा गेला. आई असती तर गाडीचं कौतुक करून माझ्याकडे पाहिलं असतं.

पुढच्या रविवारी पुन्हा पसरणी. वेग तोच, वळण तेच. नाक जिथे दाखवलं तिथे गेलं. कौतुकाच्या अपेक्षेने शेजारी पाहिलं, तर बायकोला डुलकी लागली होती. मूठ सुटली होती. माझ्या ड्रायव्हिंगला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र.

ते पाच दिवस टिकलं. सहाव्या दिवशी पावसाच्या पाण्याने भरलेला एक खड्डा मी डबकं समजलो. तेव्हापासून गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग मान तिरकी करून माझ्याकडे पाहतं. मामांनी मला दुरून ओळखलं आणि रॅम्प मोकळा केला.

घोडे दोनशे तीस असोत की साठ, रस्त्याला टेकलेलं असतं ते चार तळहातांएवढं रबर. तेव्हा महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि गाडी बंद करून टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. बाहेरून नवा दिसणारा टायर आतून तारा दाखवत असू शकतो. आणि कुठल्याही डिग्रीचा हट्ट धरण्याआधी, कृपा करून, हवा तपासा.